जुना माल आधी

वर्ध्यातल्या नालवाडीच्या त्या गल्लीत कोणाला ताप आला, तर त्याची पहिली खबर वासुदेवरावांना लागायची. डॉक्टरला नंतर, आणि नागपूरला शिकणाऱ्या पोरापोरींना तर ताप उतरल्यावर. याचं कारण वासुदेवरावांच्या समोरच्या खोलीतल्या कपाटावरचा पत्र्याचा डबा. डब्यावर चित्र बिस्किटांचं होतं, पण त्यात बिस्किटं कधीच नव्हती. त्यात गोळ्या होत्या, आणि त्याही सगळ्या उरलेल्या.

गल्लीची रीत अशी होती, की डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या बरं वाटेस्तोवर खायच्या. अंगातली कणकण गेली, घास गोड लागायला लागला, की बाकीची पट्टी वासुदेवरावांकडे जमा. फेकायला जीव होत नाही आणि घरात ठेवली तर पोरं तोंडात घालतात. वासुदेवराव ती पट्टी उन्हात धरून तारीख वाचत आणि डब्यात तिच्या जागी लावून ठेवत. मग दुसऱ्या कोणाचा घसा धरला, की डबा उघडायचा.

कोणती गोळी द्यायची, याचा त्यांचा नियम एकच होता: जुना माल आधी. जिची तारीख आधी संपते ती पट्टी आधी बाहेर. समोरच्याला घसा आहे, गळू आहे की लघवीला जळजळ आहे, ही चौकशी ते करत, पण ती चौकशीच. गोळी निघायची ती तारखेच्या क्रमाने. पुलगावच्या लष्करी डेपोत त्यांनी उभी नोकरी भांडारात काढली होती. दारूगोळा नव्हे, ताडपत्र्या, दोरखंड, कुलपं, बादल्या, खराटे. तिथे हा नियम पाळला म्हणून त्यांच्या हाताखाली कधी एक दोरखंड कुजला नाही. जो नियम दोरखंडाला तारतो तो घशाला का नाही तारणार, असा त्यांचा साधा हिशेब.

या डब्यात पैशाचा व्यवहार नव्हता, पण कमाई होती. लग्नाच्या मांडवात पुढची खुर्ची होती. शेजारच्या आनंदाबाईंच्या दारचा कढीपत्ता होता. आणि "वासुदेवरावांच्या हाताले गुण हाय" हे वाक्य होतं, जे आनंदाबाई गोळी घेताना म्हणत आणि न घेतानाही म्हणत, कारण पुढचा घसा केव्हा धरेल सांगता येत नाही. माणसं आपोआप बरी व्हायची, त्याचं श्रेय डब्याला जायचं. जी होत नसत ती दवाखान्यात जात आणि वासुदेवरावांना सांगायला परत येत नसत.

डब्याचा घरातला रोगी होता बोंड्या. त्यांच्या मुलीने, नमिताने, लग्नाआधी आणलेला पॉमेरेनियन कुत्रा. पांढरा, फुगलेला, उमललेल्या कापसाच्या बोंडासारखा, म्हणून बोंड्या. नमिता लग्न होऊन अमरावतीला गेली आणि कुत्रा बापाला चिकटला. वासुदेवराव पेपर वाचायला बसले की तो त्यांच्या पायावर हनुवटी ठेवायचा, आणि मग पेपर संपला तरी वासुदेवराव पाय हलवत नसत. त्याने कान खाजवला की अर्धी गोळी. पाय चाटला की अर्धी गोळी. अपचन झालं तरी अर्धी, पेढ्यात दाबून.

"माणसाले चालते तं कुत्र्याले काऊन नाई चालणार?" ते म्हणायचे. "त्याचं वजन कमी हाय, म्हणून अर्धी."

एवढ्या गणितावर ते आपल्याला जनावरांचा डॉक्टर समजत.

त्या हिवाळ्यात बोंड्याचे केस गळायला लागले. आधी पोटावर लाल पुटकुळ्या, मग पाठीवर रुपयाएवढे टक्कल, त्यावर पिवळट खपल्या. वासुदेवरावांनी डब्यातल्या गोळ्या एकामागून एक काढल्या. प्रत्येक गोळीने चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी नवं टक्कल दिसायचं. तेवढ्यात अमरावतीहून फोन आला: नमिताचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि ती संक्रांतीच्या आधी येणार.

फोन खाली ठेवला आणि त्यांच्या बायकोने, मोहिनीबाईंनी, बोंड्याकडे पाहिलं. मोहिनीबाई कमी बोलायच्या. त्यामुळे त्या बोलल्या की ते शेवटचंच असायचं.

"अहो, पोरगी येऊन राह्यली. घरात तान्हं बाळ येईन. हे असं खपल्या पाडत फिरणारं कुत्रं मी ठेवणार नाई."

"मंग काय करू? फेकून देऊ त्याले?"

"फेका काऊन? देवळीले रूपरावभाऊजीच्या वावरात पाठवा. रातच्या जागलीले राहीन."

"जागलीले? बोंड्या?" वासुदेवरावांनी कुत्र्याकडे पाहिलं. बोंड्या आपल्याच शेपटीला घाबरून सोफ्याखाली गेला होता. "मोहिनी, तिकडं रानडुकरं येतात."

"मंग पोरगी यायच्या आत बरा करा. बरा झाला तं राहीन, नाई तं रूपरावभाऊजी येऊन घेऊन जातीन. मी त्याहिले फोन करतो."

रूपराव म्हणजे वासुदेवरावांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची पोरगी अंकिता जनावरांची डॉक्टर होती आणि तिचा दवाखाना वर्ध्यातच होता. आजवर वासुदेवराव तिथे गेले नव्हते. घरात डबा असताना दोस्ताच्या पोरीला काय त्रास द्यायचा, असं ते म्हणत. खरं कारण हे, की आपल्या अंगाखांद्यावर खेळलेल्या पोरीने आपल्याला औषध सांगावं, हे त्यांना जड जात होतं. आता मात्र बोंड्याला टॉवेलात गुंडाळून ते गेले.

अंकिताने कुत्रा उलटापालटा करून पाहिला, एक खपली उचलून खालचा ओलावा कापसाच्या काडीवर घेतला आणि काडी नळीत बंद केली.

"हे नागपूरच्या लॅबले पाठवतो, काका. कोणता जंतू हाय अन् त्याले कोणतं औषध लागू पडते, ते समजन. तोवर याले काहीच देऊ नका. आतापर्यंत काय काय दिलं?"

"लागन तसं."

"म्हणजे?"

"म्हणजे जो माल आधीचा, तो आधी."

अंकिताने लिहिणं थांबवलं. मग हळूहळू एकेक विचारत तिने सगळं काढून घेतलं: डबा, पट्ट्या, तारखा, पेढे. वासुदेवरावांनी सांगितलंही मोठ्या तब्येतीत. शिस्तीची गोष्ट आहे, नव्या पिढीला कळलेली बरी.

रिपोर्ट आला तेव्हा तिने तो त्यांच्यासमोर धरला. औषधांची नावं एकाखाली एक आणि पुढे एकेक अक्षर.

"जिथं आर हाय, ते औषध या जंतूले काहीच करत नाई. एस हाय, ते लागू पडते."

वासुदेवरावांनी चष्मा नाकावर सारला. आर, आर, आर. आख्खी रांग तीच. "अवं, हे तं सगळेच आर हायेत!"

"दोन सोडून."

"मंग दे ना थ्या दोनातली एक!"

"नाई देणार."

"काऊन?"

"ते माणसाच्या मोठ्या दुखण्यासाठी राखलेलं औषध हाय, काका. बोंड्याचं दुखणं कातडीवर हाय, आतमंदी गेलं नाई. तुम्ही थोडं थोडं चाखवून त्या जंतूले सगळी औषधं पाठ करून देल्ली. आता उरलेली दोन बी पाठ करायची काय?"

"मंग इलाज?"

"धुवायचा."

"काय धुवायचं?"

"कुत्रं. याचे केस उतरवून देतो. हा शांपू एक दिवसाआड लावायचा, अन् फेस अंगावर घड्याळात पाहून दहा मिनिटं ठेवायचा. नऊ नाई. त्याचं अंथरूण कडक गरम पाण्यात धुवायचं. तोंड चाटू द्यायचं नाई, पलंगावर घ्यायचं नाई, हात लावला का साबणानं हात धुवायचे. माणसाले हे सहसा लागत नाई, पण नमिता बाळंतीण राहीन, तिले अन् बाळाले जपलेलं बरं. एवढं केलं तं याले कुठं पाठवायची गरज नाई."

"बापा," वासुदेवराव उठत म्हणाले, "इतके वर्षं शिकवलं तुह्या बापानं तुले, अन् शेवटी आंघोळच सांगतली?"

"हाव ना," अंकिता हसून म्हणाली. "अन् फी बी घेतो त्याची."

केस उतरवलेला बोंड्या घरी आला तेव्हा आनंदाबाई फाटकातच होत्या. टॉवेल बाजूला झाला आणि आतून एक बारकुळं, गुलाबी, डागाळलेलं जनावर निघालं. मोठे कान आणि त्याहून मोठे डोळे.

"अव माय!" आनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "भाऊजी, कापसाच्या जिनिंगात घातलं का काय याले? रुई गेली अन् सरकी राह्यली!"

संध्याकाळपर्यंत गल्लीत बोंड्याचं नाव सरकी झालं होतं.

मग धुणं सुरू झालं. अंगणात ऊन आलं की वासुदेवराव मोरीजवळ स्टूल टाकत, कोमट पाण्याची बादली, पाणी ओतायचा मग, शांपू, भिंतीवरचं घड्याळ काढून समोर. फेस लावणं सोपं होतं. फेस लावलेलं कुत्रं दहा मिनिटं एका जागी ठेवणं अवघड. पहिल्या दिवशी बोंड्या फेसासकट निसटला आणि आनंदाबाईंच्या वाळत घातलेल्या मुगवड्यांवरून गेला. त्याची भरपाई म्हणून वासुदेवरावांना तासभर आनंदाबाईंच्या तोंडून सुनेच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या. दुसऱ्या वेळी त्यांना युक्ती सापडली. बोंड्याला त्यांचा आवाज लागायचा. बोलणं चालू असलं की तो उभा राहायचा, थांबलं की पळायचा. पण दहा मिनिटं सलग काय बोलणार? तेव्हा त्यांनी तोंडपाठ असलेलं काढलं: डेपोतली मालाची यादी.

"ताडपत्री मोठी, ताडपत्री लहान, दोरखंड जाडा, दोरखंड बारीक, बादली जस्ताची, कुलूप पितळी..."

गल्लीतली माणसं दूध आणायला निघाली की फाटकाशी रेंगाळायची.

"वासुदेवराव, खराटे किती राह्यले?" कोणी तरी विचारायचं.

"तुह्या तोंडावरून फिरवाले एक ठेवला हाय," ते हात न थांबवता सांगायचे.

डबा कपाटावर होता, पण उघडत नव्हता. अंकिताने बोंड्यापुरतं सांगितलं होतं. माणसांचं तिने काढलं नव्हतं. तरी कोणी घसा धरून आलं की वासुदेवराव म्हणायचे, "सध्या हात फेसात हाय, मंग पाहू." आलेला माणूस खट्टू होऊन जायचा, आणि पुढची खुर्ची एकेक बोट मागे सरकते आहे हे वासुदेवरावांना कळायचं. डेपोत माणूस हलवायचा झाला की असंच आधी टेबल हलवत.

धुणं चालू होऊन बरेच दिवस झाले आणि बोंड्या चांगला दिसायच्या ऐवजी वाईट दिसायला लागला. खपल्यांचे पापुद्रे सुटून पडत आणि खाली लालसर, उघडी कातडी दिसे. मोहिनीबाईंनी झाडू मारताना ते पापुद्रे सुपलीत भरून नवऱ्याच्या समोर धरले. दुपारी त्यांनी देवळीला फोन लावला.

"रूपरावभाऊजी, रविवारी याल काय? साखळी घेऊन येजा."

आणि त्या आनंदाबाईंकडे हळदीकुंकवाचं वाण ठरवायला निघून गेल्या.

घरात वासुदेवराव आणि बोंड्या. बोंड्या येऊन पायावर हनुवटी ठेवून बसला. त्याला रविवार माहीत नव्हता. वासुदेवरावांनी कपाटावरून डबा काढला, खिशातून रिपोर्टची घडी काढली आणि एस लिहिलेली दोन नावं बोट ठेवून वाचली. मग डब्यात शोधायला लागले. एक नाव सापडलं नाही. दुसरं सापडलं. आनंदाबाईंच्या मालकांचं ऑपरेशन झालं होतं, त्यातली उरलेली पट्टी. सहा गोळ्या.

अख्ख्या रिपोर्टात जे लागू पडतं ते आपल्या भांडारात आहे, याने त्यांची छाती फुगली. जो माल मोठा दवाखाना राखून ठेवतो तो वासुदेवरावांकडे शिल्लक! त्यांनी फ्रिजमधून पेढा काढला. एक गोळी पट्टीतून काढून सुरीने अर्धी केली. अर्धी पेढ्यात दाबली. बोंड्याने वास घेऊन मान वर केली आणि शेपटीच्या जागी उरलेली काडी हलवायला लागला.

सहाच्या बारा अर्ध्या, वासुदेवरावांनी मोजलं. लागतील किती? अंकिता म्हणाली होती, असल्या दुखण्याला गोळी द्यायची तर दोन-तीन आठवडे सलग द्यावी लागते. म्हणजे या बारा मधेच संपणार. मागणी मोठी, माल अपुरा.

त्यांचा हात थांबला. अपुरा माल हा शब्द त्यांच्या कानात डेपोतल्या आवाजात वाजला, त्यांच्या स्वतःच्या. पावसाळ्याच्या तोंडावर नवा कारकून यायचा, वीस ताडपत्र्यांची मागणी घेऊन, आणि भांडारात असायच्या सहा. "सहा तं द्या साहेब, बाकीच्या मंग पाहू." आणि वासुदेवराव त्याच्यावर खेकसायचे: "वीस ताडपत्र्या लागणाऱ्या मालाची गंजी सहानं झाकशीन तं गंजी बी भिजन अन् ताडपत्र्या बी सडतीन! पूर्ण असन तं ने, नाई तं हात लावू नको!" उभ्या नोकरीत त्यांनी अपुरा माल कधी सोडला नव्हता. वरच्या साहेबाने डोळे वटारले तरी नाही.

आणि घरी? त्यांनी डब्यात पाहिलं. तीन गोळ्या. पाच गोळ्या. दोन गोळ्या आणि अर्धी. एकही पट्टी पूर्ण नव्हती. पूर्ण असती तर ती इथे आलीच नसती. कोणी तरी मधेच सोडली म्हणून तर ती डब्यात होती. आख्खा डबाच अपुऱ्या मालाचा, आणि त्यातून ते वर्षानुवर्षं अपुरं वाटप करत होते. आधी गंजी अर्धी झाकणाऱ्याकडून उरलेली ताडपत्री घ्यायची आणि दुसऱ्याची गंजी पाव झाकायची. वर तारखेची शिस्त!

"सालं," ते बोंड्याला म्हणाले, "असा कारकून माह्या हाताखाली असता तं मी त्याची बदली केली असती."

त्यांनी पेढ्यातली अर्धी गोळी काढून डब्यात टाकली. पेढा धुवून बोंड्याला देता येईना, म्हणून स्वतःही न खाता कचऱ्यात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पेढा वाया घालवला. मग डब्याला झाकण लावलं, पिशवीत घातला, बोंड्याला टॉवेलात गुंडाळलं आणि ऑटो करून अंकिताचा दवाखाना गाठला.

"हे घे," डबा टेबलावर ठेवून ते म्हणाले. "पूर्ण भांडार जमा. नालीत टाकू नको म्हणतात, तं तूच विल्हेवाट लाव. डबा तेवढा वापस देजो, चांगला हाय."

अंकिताने झाकण उघडून दोन-चार पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. "काका, एवढं तं माह्या दवाखान्यात बी नाई."

"हुशारी मारू नको. कुत्रं पाह्य. रविवारी तुहा बाप साखळी घेऊन येऊन राह्यला. इतकं धुतलं अन् हे पाह्य, सोलून निघालं."

तिने बोंड्याला उजेडात धरलं. पाठीवरून बोट फिरवलं, भिंग लावलं, आणि हसायला लागली.

"सोलून नाई निघालं, काका, बरं होऊन राह्यलं. खपल्या गळाच पायजेत. नवी पुटकुळी एक तरी हाय काय? दाखवा. अन् हे पाहा, इकडं."

वासुदेवरावांनी भिंगात डोळा लावला. गुलाबी कातडीवर, टाचणीच्या टोकाएवढे, पांढरे कोंब. गव्हाच्या पेरणीनंतर आठवडाभराने वावर दिसतं तसं.

"थांबू नका पण," अंकिता म्हणाली. "बरं वाटलं का सोडून देता तुमी लोक."

"मले सांगू नको," वासुदेवराव म्हणाले. "मी ताडपत्रीवाला माणूस हाव."

तिला काही कळलं नाही, पण त्यांनी समजावलंही नाही.

रविवारी रूपराव आले. साखळी आणली होती; बैलाला शोभेल अशी. वासुदेवराव तेव्हा मोरीजवळ स्टुलावर होते आणि बोंड्या फेसात.

"कुलूप पितळी, कुलूप लोखंडी, कंदील..."

रूपराव कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. "मोहिनीवहिनी, हे न्यायचं हाय काय मले? हे माह्या वावरात कायची जागल करन? कोंबडा उचलून नेईन याले."

मोहिनीबाई मोरीजवळ आल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, दहा मिनिटं पुरी होऊ दिली, मग स्वतः बादलीतलं पाणी मगाने बोंड्यावर ओतलं. कोरड्या टॉवेलात घेऊन त्याला उन्हात उलटा केला आणि पोटापासून कानापर्यंत, डेपोतले तपासणीवाले साहेब माल पाहायचे तशा, इंच न इंच पाहत गेल्या. एक जागा त्यांनी बोटाने दाबून पाहिली. पांढरी लव होती.

"एखांदी नवी फोडी सापडली असती," त्या म्हणाल्या, "तं आजच गेला असता." मग रूपरावांकडे वळल्या. "भाऊजी, च्या घ्या. साखळी घेऊन जा वापस. पण," हे नवऱ्याला, "पलंगावर नाई. सोफ्यावर नाई. अन् धुणं पोरगी आल्यावर बी चालू राहीन, अंकिता बंद म्हणेस्तोवर."

"पूर्ण माल," वासुदेवराव म्हणाले.

"काय?"

"काई नाई. च्या मले बी."

नमिता आली तेव्हा बोंड्या ओसरीवर, स्वतःच्या धुतलेल्या गोधडीवर बसला होता. पांढऱ्या मखमलीचा तुकडा म्हणावा एवढे केस आले होते. तिला पाहून तो अर्ध्या ओसरीपर्यंत धावला, आणि मग वासुदेवरावांनी नुसतं "ताडपत्री" म्हटल्याबरोबर जागेवर थांबला.

"बाबा! हे काय शिकवलं याले?" नमिता पोट धरून हसत खुर्चीत बसली. "अन् हा इतका गोजिरा कसा झाला?"

तेवढ्यात फाटक वाजलं. आनंदाबाई होत्या, हातात कढीपत्त्याची जुडी, गळ्याला मफलर. जुडी पाहूनच वासुदेवरावांनी घसा ओळखला.

"भाऊजी, दोन दिवसापासून गिळवत नाई हो. द्या ना डब्यातलं काई. तुमच्या हाताले गुण हाय."

"डब्यातलं? देतो ना."

त्यांनी कपाटावरचा डबा काढून आनंदाबाईंसमोर उघडला. आत शांपूची बाटली, कंगवा आणि एक लहान टॉवेल, नीट घडी घालून.

"बसा त्या स्टुलावर," वासुदेवराव बाह्या सारत म्हणाले. "फेस दहा मिनिटं ठेवा लागन. नाई जमत असन तं डॉक्टरकडं जा. आता दवाखाना उघडा राहीन. अन् तो जेवढ्या गोळ्या लिहून देईन, तेवढ्या खायच्या. एक बी मले आणून देऊ नका."

आनंदाबाईंनी एकदा डब्याकडे, एकदा बोंड्याकडे पाहिलं. मग कढीपत्त्याची जुडी मोहिनीबाईंच्या हातात न देता नमिताच्या ओटीत टाकली आणि फाटकाबाहेर पडता पडता, घसा बसलेला असतानाही, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "सरकीले परत रुई आली वं, पण या माणसाचं भांडार बसलं!"

वासुदेवरावांनी डब्याचं झाकण लावलं. ऊन अंगणात यायला लागलं होतं, आणि बादलीत पाणी तापत होतं.